मिलिंदने बदललेल्या तीस खोल्या

गुरुवारी सव्वाबाराच्या सुमारास संगीताचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात एका फाइलीवर शेरा लिहीत होते. संगीता मला सहसा फोन करत नसे. काही निरोप असला तर मिलिंद करायचा, आणि तोही दोन वाक्यांत संपवायचा. "ताई, मिलिंद गेले," ती म्हणाली. "लॅबमध्येच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं." अशा वेळी माणसाचं डोकं काय करेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "अगं, पण रविवारी आहे ना आपलं?" पलीकडून ती म्हणाली, "हो ना, ताई." अर्धवट शेऱ्याची ती फाइल मी शेजारच्या टेबलावर सरकवली आणि घाटकोपरला जायला निघाले.

मिलिंद एकोणपन्नास वर्षांचा होता, आणि तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप घेतात, पण कवळी प्रत्यक्ष घडते ती अशा एखाद्या लॅबमध्ये, जिथे पेशंट सहसा पाऊल टाकत नाही. घाटकोपर पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याची खोली होती. एक लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, एक घासायचं मशीन, आणि सगळ्या वस्तूंवर पिठासारखी पांढरी धूळ. त्याची नि माझी गाठ पडली ती आईच्या कवळीमुळे. आई तेव्हा ब्याऐंशीची होती. तिची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली, दिवाळी चार दिवसांवर आलेली, आणि मुलुंडचे आमचे डॉक्टर नेमके गावाला गेलेले. त्यांनी फोनवरच लॅबचा पत्ता दिला आणि थेट जा म्हणाले. मिलिंदने ते दोन तुकडे उजेडात धरले आणि विचारलं, "मावशी चावून खातात, की नुसती घालून बसतात?" मी म्हटलं, "चकली खाते." "मग सिरीयस केस आहे," तो म्हणाला, आणि संध्याकाळच्या आत जोडून दिली.

तो जोडत होता तेवढा वेळ मी स्टुलावर बसून त्याचं टेबल न्याहाळत होते. जबड्यांच्या मधोमध एक वीतभर उंचीचा, तीन डोक्यांचा राक्षस उभा होता. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या करतात त्याचाच तो केलेला, आणि तिन्ही तोंडांत दात अगदी व्यवस्थित बसवलेले. हा कोण, म्हणून मी विचारलं. "पुलावरचा राखणदार. पुढे एखाद्या रविवारी लागेल," मिलिंद म्हणाला, आणि मग त्याने मला त्याचा खेळ समजावून सांगितला. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: तुम्ही गडाच्या दारात उभे आहात, आतून धूर येतोय, काय करता? बाकीचे एकेक पात्र घेऊन बसलेले असतात. त्यांनी आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं हे फासा ठरवणार. यात जिंकणं-हरणं नाही, गोष्ट पुढे सरकवत न्यायची एवढंच. मी "अच्छा" म्हटलं. हे "अच्छा" मी कार्यालयात समोरच्याचं काम होणार नाही हे कळवायला वापरते.

त्यानंतर तीन महिन्यांनी आई गेली. मी लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघीच होतो. भेटायला येणारे पंधरा दिवसांत यायचे थांबले, आणि एक दिवस कार्यालयातून परतताना मी काही कारण नसताना घाटकोपरला उतरले. आईची कवळी पर्समध्ये होती. मी ती मिलिंदच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "याचं काय करायचं असतं?" त्याने हात पुसले, कवळी उलटसुलट करून आपला जोड तपासला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी ठेवा. टाकायचं नसतं." मग जरा थांबून, "रविवारी चार वाजता मोकळ्या असता का? आमच्यात एक माणूस कमी पडतोय..." मी नेहमीसारखं "अच्छा" म्हटलं आणि रविवारी पावणेचारला जाऊन बसले.

माणूस कमी पडतोय म्हणजे खरं तर माणसंच नव्हती. आधीचे दोघे मित्र दहिसरला आणि पुण्याला राहायला गेलेले, आणि उरले होते फक्त फर्नांडिस अंकल. ते वाकोल्याचे. जुहूच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये जन्म काढून निवृत्त झालेले. त्यांचं पात्र म्हणजे तलवारीऐवजी भली मोठी पळी घेऊन लढणारा एक साधू. मला मिलिंदने कुलपं उघडणारी चोर दिली, मंजुळा नावाची. आयुष्यभर नियमावर बोट ठेवून जगलेल्या बाईला चोर व्हायला लावणं ही त्याचीच खोडी. संगीता, त्याची बायको, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. ती खेळायची नाही. चहा करून कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसायची, आणि आम्ही फाशाची बेरीज चुकलो की मान वर न करता बरोबर आकडा सांगायची.

आम्ही जे साहस खेळत होतो ते या खेळाच्या दुनियेतलं फार जुनं आणि नावाजलेलं. त्याचं नाव मी इथे देत नाही. ज्यांना पुढेमागे खेळावंसं वाटेल त्यांचा विरस नको, आणि नाव कळल्यावर माणूस काय करतो हे मला चांगलं माहीत आहे. डोंगराच्या पोटात एक गड, गडात एकतीस खोल्या, प्रत्येक खोलीत एक संकट. मिलिंदला त्याची इंग्रजी पुस्तिका चौदाव्या वर्षी रद्दीच्या दुकानात सापडली होती. त्याचे वडील वाशिमकडून आलेले, घरात इंग्रजी कोणाला येत नसे. याने शाळेची डिक्शनरी घेऊन वर्षभरात ती वाचून काढली. गंमत अशी की खेळाच्या नियमांचं पुस्तक वेगळं असतं, आणि ते त्या रद्दीत नव्हतं. म्हणजे गड हातात होता, खेळायचं कसं हे ठाऊक नव्हतं. मग त्याने नियम स्वतःच बनवले आणि सापशिडीच्या फाशावर चुलत भावंडांना गडात नेलं. खरे नियम त्याला तिशीनंतर इंटरनेटवर मिळाले. "वाचले," तो सांगायचा, "माझे बरे होते."

आता माझ्या गुन्ह्याबद्दल लिहायला हवं. या खेळाचा एकच कडक नियम आहे: पुस्तिका फक्त सूत्रधाराने वाचायची. खेळणाऱ्याने ती वाचली तर खेळात राम उरत नाही. पहिल्याच रविवारी चहाच्या कपाखाली ठेवलेल्या पुस्तिकेवरचं नाव मी वाचलं, आणि घरी पोचायच्या आत मोबाइलवरून तिची नवी आवृत्ती मागवली. बुधवारी आली, शनिवारपर्यंत वाचून झाली. फाइल हातात आली की मी आधी शेवटचं पान बघते. पुढे काय होणार हे माहीत नसताना एका जागी बसून राहणं मला जमत नाही. आईच्या आजारपणात ते वर्षभर केलं होतं, पुन्हा करायची ताकद नव्हती... हे स्पष्टीकरण आहे, सबब म्हणून चालणार नाही हे मलाही कळतं.

दुसऱ्या रविवारी आम्ही गडाच्या पहिल्याच बोळात शिरलो. समोर तीन दरवाजे. डावीकडच्या दरवाज्यासमोरची फरशी पोकळ आहे आणि खाली भाले रोवलेला खड्डा आहे, हे मला पुस्तिकेतून माहीत होतं. मी शहाणपणाने म्हटलं, "मंजुळा डावीकडे जाते, पण आधी फरशी ठोकून बघते." मिलिंद पुस्तिकेत बघत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, नखात अडकलेलं प्लास्टर काढलं... आणि म्हणाला, "फरशी घट्ट आहे. दरवाजा उघडाच आहे. आत बाकावर अकरा सांगाडे बसलेत आणि प्रत्येकाच्या हातात टोकन आहे." मी थक्क झाले. हे सांगाडे म्हणजे गडाचे जुने शिपाई. त्यांना पेन्शन चालू होती, म्हणून दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागायचा, आणि दाखल्यावर सही करणारा साहेब गेली तीनशे वर्षं जेवायला गेला होता. फर्नांडिस अंकल हसून हसून खोकायला लागले. मंजुळेला त्या साहेबाच्या खुर्चीत बसून अकरा सांगाड्यांची हयात तपासावी लागली, आणि सांगते, नोकरीत मला इतकी मजा कधी आली नव्हती.

मला वाटलं, हे त्याचं आधीच ठरलेलं असणार. पण तिथून पुढे पुस्तिकेतली एकही खोली जशीच्या तशी आली नाही. पुलावरचा तीन डोक्यांचा राखणदार मुळात दिसेल त्याला चिरडतो. मिलिंदच्या पुलावर त्याच्या मधल्या डोक्याची दाढ दुखत होती, त्याच्या कण्हण्याने बाजूच्या दोघांना महिनाभर झोप नव्हती, आणि दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. साधूबाबाने पेज करून पाजली, मंजुळेने कुलूप उघडायच्या हत्याराने दाढ काढली. मुळात एक आरसा आहे, जो बघणाऱ्याचा आत्मा ओढून घेतो. मिलिंदचा आरसा फक्त बारीकसारीक खोड्या काढायचा. मंजुळेला म्हणाला, "ब्लाउजला इस्त्री नाही." मी चिडले तर म्हणाला, "बघ, लागलं ना मनाला." मुळातला अग्निसर्प झोपेतून उठला की सगळं जाळतो. मिलिंदचा अग्निसर्प गडाच्या सोसायटीचा चेअरमन होता, आणि सभेला कोरम भरत नाही म्हणून शंभर वर्षं त्याच खुर्चीत अडकून पडला होता. आम्ही दोघांनी सभासद म्हणून सह्या केल्या तेव्हा तो रडला. लहान मुलांना सांगावा असा वेडेपणा होता सगळा, पण मिलिंद तो इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायचा की आम्हीही गंभीरपणे त्या सर्पाला रुमाल द्यायचो.

मी पुस्तिका वाचायची मात्र थांबवली नाही. फक्त आता कारण बदललं होतं. शनिवारी संध्याकाळी मी मूळची खोली वाचायची, आणि रविवारी मिलिंदने तिचं काय केलं ते बघायची. तो नुसती गंमत करत नव्हता. मुळात जिथे कोणीतरी मरतं तिथे त्याच्या गडावर कोणाची तरी जुनी अडचण सुटायची, आणि तरीही खोलीचा आकार, दरवाज्यांची जागा, संकटाचं मर्म तेच राहायचं. एखादा कपडा तोच ठेवून आतून उसवून नव्याने शिवावा तसं. हे किती अवघड आहे ते फक्त मूळ वाचलेल्या माणसाला कळणार, आणि त्या टेबलावर तसा माणूस एकच होता. मला दाद द्यायची होती. "अरे, काय केलंस हे!" असं ओरडायचं होतं. पण तसं म्हणणं म्हणजे चोरी कबूल करणं. म्हणून मी ओठ मिटून बसायची आणि फासा टाकायची. दोन वर्षं मी त्याचं एवढं चांगलं काम पाहिलं आणि एकदाही त्याला छान म्हटलं नाही.

मिलिंद काही संत नव्हता. स्वतःच्या विनोदावर तो फार खूश असायचा. एखाद्या दरवाज्यामागे काही मनासारखं लिहून आणलेलं असलं आणि आम्ही तो न उघडता पुढे गेलो की तोंड पाडून बसायचा. "चला, जा पुढे, तुमची मर्जी," असं म्हणायचा, आणि पुढची दहा मिनिटं गडावर सगळे त्याच्याच सुरात फटकन बोलायचे. कामात वेळ कधी पाळायचा नाही. डॉक्टरांचे फोन वाजत राहायचे, हा टेबलाखाली फोन सरकवून म्हणायचा, "निघालाय माणूस, पोचेल." सिगरेट सोडली असं संगीताला वर्षानुवर्षं सांगत होता. पण दर रविवारी निघताना तो माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत यायचा, आणि बस येईपर्यंत मला बोलतं ठेवायचा. कार्यालयात काय झालं, जेवणाचं काय करते, कानाची तपासणी केली का. पहिल्या काही महिन्यांतच "तुम्ही"चं "तू" झालं होतं. मला भाऊ नाही. असता तर असाच आगाऊ असता.

शेवटचा रविवार साधाच होता. आम्ही तिसावी खोली पार करून एकतिसाव्या खोलीच्या दारात पोचलो आणि मिलिंदने पुस्तिका मिटली. दमलेला दिसत होता, पण डॉक्टरांची कामं साठली होती म्हणून असेल असं मला वाटलं. शेवटच्या खोलीत मुळात काय होतं ते मला पाठ होतं. तिथे एक लोखंडी दार आहे. त्यामागे डोंगराची आग कोंडलेली. दार आतून कोणीतरी धरून ठेवायचं, तेव्हा बाकीचे सुटतात आणि खालची खोरी वाचतात. धरणारा परत येत नाही. याचं मिलिंद काय करणार, या विचाराने मी अस्वस्थ होते. बसस्टॉपवर मी म्हटलं, "मिलिंद, तुला एक सांगायचंय." "बोल ना." बस आली. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगते." तो म्हणाला, "झकास," आणि हात हलवून वळला... चार दिवसांनी संगीताचा फोन आला.

जलदानविधीच्या दिवशी लॅबच्या बाहेर मांडव घातला होता. इतके दातांचे डॉक्टर एका जागी मी प्रथमच पाहिले. वंदना झाली, लोक बोलले. कोणी त्याच्या हाताचं कौतुक केलं, कोणी त्याने भावंडांना शिकवलं त्याबद्दल बोललं. फर्नांडिस अंकल मागच्या खुर्चीवर रुमालात तोंड घालून बसले होते. मलाही बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. जे खरं सांगायचं होतं ते ऐकायला हवा होता तो माणूस गेला होता, आणि दुसरं काही बोलणं मला खोटं वाटलं असतं. घरी येऊन पुस्तिका कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. ती बघवेना.

आणखी दहा-बारा दिवसांनी संगीताने लॅबमध्ये बोलावलं. दुसरे एक तंत्रज्ञ लॅब चालवायला घेणार होते, त्याआधी ड्रॉवर रिकामे करायचे होते. आम्ही दोघी धुळीत बसलो होतो. मेणाचे तुकडे, तुटके चिमटे, चार फासे... आणि मग मिलिंदची ती रद्दीतली पुस्तिका निघाली. संगीताने ती माझ्या पुढ्यात ठेवली. मला राहवेना. मी म्हटलं, "संगीता, हे मी वाचलंय. अगदी सुरुवातीलाच. मिलिंदला सांगितलं नाही कधी. फसवलं मी त्याला."

"माहितीये," ती म्हणाली.

"कोणाला?"

"त्यांना. तुमचा दुसराच रविवार होता ना तो? तुम्ही फरशी ठोकली तो? घरी येऊन अर्धा तास नुसते तणतणत होते. ताईने चिटिंग केली यार, पुस्तक वाचून आली, वाट लावली गेमची... मी म्हटलं, मग सांगा ना तोंडावर. तर म्हणाले, नको. सांगितलं तर ती लाजेने यायची बंद होईल. तिच्या घरात आता बोलायला कोणी नाही. त्यापेक्षा मी पुस्तकच बदलतो."

संगीता फासे डबीत भरत होती. भरता भरता म्हणाली, "सुरुवातीला चिडून केलं हां त्यांनी. मग त्याचा नादच लागला. दर बुधवारी जेवण झालं की हे पुस्तक आणि पेन्सिल. आणि रविवारी तुम्हाला सोडून परत आले की एकच. आज ताईचं तोंड बघितलंस का? आरशाच्या वेळी बघितलंस? हसू आवरत होती बघ, मूळचं आठवत होती. ताई, तुम्ही ओठ दाबून बसायचात ना, ते बघायला तर ते लिहायचे."

म्हणजे दाद त्याला पोचत होती. मी लपवत होते आणि तो ती वाचत होता, दर रविवारी, टेबलाच्या पलीकडून. मी लहान मुलीसारखी रडले. आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

मग मी पुस्तिका उघडली. प्रत्येक पानाच्या समासात त्याचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. "खड्डा नको. सांगाडे, टोकन." "राक्षस: दाढ." "आरसा: आत्मा घेत नाही, खोड्या काढतो." काही ठिकाणी दोन-दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं. तीस खोल्यांचे तीस समास भरलेले. एकतिसाव्या खोलीच्या पानावर मात्र एकच ओळ होती: "इथे ताईला विचारायचं."

त्या रविवारी आम्ही लॅबमध्ये जमलो. मी सांगितलं तेव्हा फर्नांडिस अंकल माझ्याकडे बघतच राहिले. "सगळं वाचून आलेलीस? आणि तरी पण दर वेळी तूच आपटायचीस? कमाल हाय तुझी." मिलिंदच्या स्टुलावर कोणी बसलं नाही. मी माझ्याच खुर्चीतून सांगायला सुरुवात केली, कारण आता पुढचं माहीत असलेली मी एकटीच उरले होते. संगीता या वेळी कोपऱ्यात गेली नाही. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मी पण आहे. पात्र कोणतं ते नंतर बघू." मी दार सांगितलं, आग सांगितली, एकाने आत थांबायचं आहे हेही सांगितलं. मिलिंदने मला विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, हे मला तोपर्यंत सुचलेलं नव्हतं. अंकल लगेच म्हणाले, "मी थांबतो. माझं वय झालं."

"कोणी थांबायचं नाही," संगीता एकदम म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "एक माणूस गेला तेवढं बस झालं."

पण सूत्रधाराला विचारावंच लागतं. मी हळूच म्हटलं, "मग दार कोण धरणार, संगीता?"

तिने डबीतले फासे टेबलावर ओतले. मग म्हणाली, "पाळ्या लावा. गडावर एवढे सगळे आहेत ना? मग एकट्यावर कशाला टाकायचं?"

मुळात त्या दारापाशी पोचेपर्यंत गडावर कोणी जिवंत उरलेलं नसतं, म्हणून एकाला थांबावं लागतं. मिलिंदच्या गडावर दोन वर्षांत कोणी मेलंच नव्हतं. हे त्याने मुद्दाम केलं होतं की नाही, मला माहीत नाही. फर्नांडिस अंकलनी कागद घेतला आणि आम्ही पाळ्या लावायला बसलो. सकाळची कोणाची, जेवणाच्या वेळी कोण, कोणाला कोणाबरोबर ठेवायचं नाही, कोणाला जड काम झेपणार नाही. दोन तास त्यात गेले, आणि मधेच कधीतरी संगीता हसली.

नवे तंत्रज्ञ भले आहेत. रविवारी लॅब बंदच असते, तुम्ही बसत जा म्हणाले. आम्ही बसतो. नवा खेळ सुरू केलेला नाही. फर्नांडिस अंकलनी विचारलं होतं की त्या पुलावर मुळात काय होतं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या दोघांना मूळ गड माहीतच नाही. मिलिंदने काय काय केलं ते त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. म्हणून दर रविवारी एक खोली. आधी मी छापलेलं वाचून दाखवते, भाले, रक्त, किंकाळ्या, सगळं. मग समासातलं त्याचं अक्षर वाचते. अंकल टेबलावर हात आपटतात, संगीता डोळे पुसते. मी आता ओठ दाबत नाही. मोठ्याने म्हणते, "छान केलंस रे, मिलिंद," आणि तिघांत सगळ्यात जास्त मीच हसते.